नदीमचाचांचा अंगठा

१० जानेवारी, शुक्रवार

एवढा सोपा कॅच! माझ्या बॉलिंगवर, आणि सोडला कुणी — तर नदीमचाचांनी. तोंडून शिवी गेली. त्यांनी ऐकली. नुसते हसले.

बहरीनकडून बारा वर्षं खेळतोय हा माणूस. एवढंसं बेट, पण बॅटिंग यांच्या भरवशावर आणि लेग-स्पिनही यांचाच. मूळ आमच्या दाभोळचे. शुक्रवारी समुद्रावरचा पूल ओलांडून इकडे सौदीत, खोबरला येतात, आमच्या क्लबच्या पोरांना शिकवायला.

आणि उमामाचे अब्बा. माझ्यासाठी तेच मुख्य.

मॅट गुंडाळताना फोन माझ्या हातात दिला. "वाच रे, चष्मा गाडीत राहिला." तिचाच मेसेज! 'अब्बा, जपून खेळा. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे.' वाचून दाखवला. आवाज सरळ ठेवला.

१३ जानेवारी

जाफरमामूंनी फोनवर चाचांकडे माझ्यासाठी उमामाचा विषय काढला. चाचांचं उत्तर — "पोरगा वाईट नाही, जाफर. पण प्रोफेसरची कॉलर धरून इंजिनीअरिंग अर्ध्यात टाकलं. उद्या राग आला तर बायको टाकेल."

मामू सांगताना हसत होते. मी दुकानात एसीचे कॉम्प्रेसर रचत राहिलो.

१७ जानेवारी, शुक्रवार

नेटमध्ये चाचा बॅटिंगला. "यल्ला, शादाब! दम असेल तेवढा टाक!"

टाकला. आखूड, जीव खाऊन. मॅटखाली सिमेंट, बॉल उसळतोच. असले बॉल ते आयुष्यभर हुक करत आलेत. आज बॅट हललीच नाही. अगदी शेवटी हात वर आला. अंगठ्यावर बसला.

लखनौचा नौशाद धावत आला — "पागल है क्या? टूर्नामेंट है उनका!"

मी सॉरी म्हणालो नाही. का, माहीत नाही.

१८ जानेवारी

अंगठा मोडलाय. स्पर्धा गेली.

२१ जानेवारी

चाचांनी क्रिकेटच सोडलं. तिकडच्या पेपरात फोटो, हाताला प्लास्टर. 'दुखापतीमुळे निवृत्ती.'

उमामाचा मेसेज — 'मुद्दाम टाकलास ना? नाही म्हणाले म्हणून? अब्बांचं सगळं संपवलंस. परत मेसेज करू नकोस.' उत्तर लिहीपर्यंत ब्लॉक.

रडू येईल वाटलं. नाही आलं. हॉटेलातून कबसा मागवला, मटण-भात. अर्धा खाल्ला. हात धुतले.

२२ जानेवारी

दुकान. काही नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

चाचा आले. टॅक्सीने. दुकानाच्या दारातच बोलले — "बॉल दिसलाच नाही रे. वर्षभर डोळे जातायत. घरी, टीममध्ये, कुणाला बोललो नाही. तुझ्या बॉलमुळे इज्जतीत सुटलो."

मग हळू — "उमामाला सांगू नकोस. तुझ्यावर राग आहे, तो राहू दे."

बरं, म्हणालो. पुढे पायरी होती. त्यांचा हात धरला.