विणकराची कोरी ओळ

३ ऑक्टोबर
एकदाचा थॉर्नवेलला पोचलो. भाड्याचं घर चर्चला लागूनच आहे, चहा झकास, बिछाना मऊ. मास्तरकीतून सुटल्यापासून इतका खूश नव्हतो. आमचे मूळपुरुष ॲम्ब्रोज फेनराइट साडेतीनशे वर्षांपूर्वी याच गावात लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं, कापड विणायचे. थोरल्या मुलाला त्यांचंच नाव ठेवायची आमच्यात रीत, म्हणून मीही ॲम्ब्रोज.

बहीण ऑनर इस्पितळात आहे, पंधराला तिचं ऑपरेशन. त्याआधी वंशवृक्ष पुरा करून देईन असा शब्द दिलाय. एकच चौकट रिकामी आहे: विणकराचं दफन.

५ ऑक्टोबर
बाप्तिस्मा सापडला, लग्न सापडलं, सात मुलं सापडली, शेजाऱ्याच्या बदकावरून झालेलं भांडणसुद्धा सापडलं. मरण तेवढं सापडेना! चर्चच्या दफनाच्या वहीत १६८० च्या पानावर वरखाली नोंदी आणि मधेच एक ओळ कोरी. तळपायाची आग मस्तकात गेली.

७ ऑक्टोबर
वह्या सांभाळणाऱ्या मिसेस टॅपसेल आज बोलत्या झाल्या. तेव्हा लोकरीचा धंदा चालावा म्हणून कायदाच होता म्हणे: प्रेत लोकरीतच गुंडाळायचं, आणि आठ दिवसांत कुणीतरी तशी शपथ घ्यायची. आमचा विणकर हट्टी. जन्मभर लिनन विणलं, लिननमध्येच पुरा म्हणाला. खोटी शपथ घ्यायला कुणी धजेना, म्हणून ओळ कोरी.

एवढ्याशा कारणासाठी ऑनरची चौकट रिकामी ठेवू? बाई चहा आणायला गेल्या. वहीपाशी पेन्सिलच नेऊ देतात, तिनेच लिहिलं: ‘ॲम्ब्रोज फेनराइट, लोकरीत दफन, १६८०.’ फोटो काढून ऑनरला पाठवला. कॉपी केली म्हणून आयुष्यभर पोरांना बडवणारा मी. थोडी लाज वाटली.

९ ऑक्टोबर
मन खाई, म्हणून खोडायला गेलो. रबर झिजलं, अक्षर हलेना. पेन्सिलीची शाई झालीय, तपकिरी, जुनी. बाईंकडे कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत राहिल्या.

“या वहीत खोटं टिकत नाही, मास्तर. लिहिलेलं ती खरं करून घेते. आणि त्या नावाचे आता तुम्हीच.”

खुळी बाई. घसा मात्र खवखवतोय.

११ ऑक्टोबर
खोकल्यातून पांढरा पुंजका पडला. लोकर. डॉक्टर म्हणतो, गादीतली धूळ असेल. गादीत लोकर नाही, मी उसवून पाहिली. कपाळकरंटा मी, एका चौकटीपायी—

१३ ऑक्टोबर
गाव सोडायला निघालो. स्टेशनच्या पायरीवर श्वास अडकला, तोंडातून धागा, हातभर, ओढतोय तरी संपेना. माणसांनी उचलून परत इथेच आणलं. घरी जायचंय मला.

ऑनरचा फोन आला. फोटो पाहून खूश आहे. फक्त विचारत होती, “दादा, तारीख यंदाची का घातलीस? पंधरा ऑक्टोबर?”

मी घातली नाही. ऑनर, मी तारीख घातलीच—

१५ ऑक्टोबर
लिहिल्याला आज आठवा दिवस. दिवसाउजेडी. ऑनरला ऑपरेशनला आत नेलं असेल.

मिसेस टॅपसेल खुर्ची घेऊन बसल्यात. म्हणतात, शपथेला कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं लागतं. रडतायत.

पांढरं — ऊबदार — छातीपर्यंत आलं. ऑनर, चौकट भर — विणकराची नव्हे, माझी —

हनुवटीपर्यंत. हात अजून बाहे