तुमचा परवा

अहो,

आईंना घेऊन मी नारायणगुड्याला वन्संकडे चालले आहे. त्यांच्याकडचा एसी चालू आहे.

आपल्या मागच्या खोलीतला पाडव्यापासून बंद आहे. विचारलं की तुमचं एकच, "परवा बघतो." या गावच्या हिंदीत परसों म्हणजे मागचं वर्षसुद्धा असू शकतं, हे मला लग्न होऊन आल्यावर कळलं. तुमचा परवाही तसलाच, फक्त तो पुढे पळतो.

त्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या एसीला मात्र परवा नव्हता. कंपनीने बसवला होता तस्साच पाहिजे, म्हणून तसला जुना कॉम्प्रेसर शोधत गावभर फिरलात. नवा बसवा म्हणणाऱ्या मेकॅनिकला हाकलून दिलंत. काल एकदाची गार हवा आली, तर अख्ख्या गल्लीला बोलावून जाळीपुढे हात धरायला लावलंत.

तेव्हा मी म्हटलं, आई गरमीने परेशान झाल्यात, त्यांना पाच मिनिटं आत बसवू या. तुम्ही म्हणालात, "नको, त्यांच्या अंगावरच्या ओल्या टॉवेलने सीटचं चामडं खराब होईल. ओरिजिनल आहे ते."

आई दारातच उभ्या होत्या. टॉवेल पिळून पुन्हा आत गेल्या. आज सकाळी मी पिशवी भरायला घेतली, तर त्यांची आधीच भरून तयार होती.

वरण-भात झाकून ठेवलाय. गाडीत बसून जेवू नका, सीटवर सांडेल.

आणि आईंना परत कधी आणतेस म्हणून फोन करू नका. परवा आणते.

मंदा