छगनकाकांचा ओटा

९ फेब्रुवारी

डाव्या अंगठ्याला पट्टी. टाइल्सचा कोपरा लागला. सुपरवायझर म्हणाला, टाइल्सवर रक्त पडलं तर माल सेकंडमध्ये, हलक्या भावात जातो, लांब हो. अंगठ्याचं कोणी विचारलं नाही!

ही वही कारखान्यातलीच. पुढं निम्मी कोणीतरी भरलीय, कुठल्या ट्रकमध्ये कुठला माल गेला ते. मागची पानं कोरी. सातवीनंतर पेन धरलं नव्हतं. चंदन हसतो. तो तोरणमाळकडचा, खोलीत माझ्या बाजूला झोपतो. म्हणाला, नवलभाई, बायकोला पत्र लिहितो काय? मग त्याला आठवलं. बिडी पुढं केली.

१२ फेब्रुवारी

काजलचा फोन. म्हणजे सासूबाईंचाच फोन, त्यांनी तिच्या हातात दिला.

"बाबा, तू कवय येशी?"

येतो म्हटलं. दर वेळी तेच म्हणतो. पाच वर्षांची झाली, अजून विश्वास ठेवते.

स्वप्नाली काविळीनं गेली तेव्हा ही तीनची. दगूबाई, माझ्या सासूबाई, दहाव्यालाच तिला तळोद्याला घेऊन गेल्या. तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मी सुरतला पळालो. मग वापी. मग इथं मोरबीला. आता मागतो तर म्हणतात, "घर दखाडा, मंग पोर लई जा. कुडाना घरमा मी धाडाव नही." जूनमध्ये तिचं नाव पहिलीत घालायचं. तळोद्यात घातलं की संपलं. मग ती दहावीपर्यंत तिथलीच.

त्यांचं चूक नाही. आपलं घर म्हणजे कपाशीच्या काड्यांचा कूड, वर शेण, छपराला गंजलेले पत्रे आणि प्लास्टिक. आत माझे वडील, आबा, आणि एक खाट. खाटेची पायाकडची दोरी तुटलीय.

२० फेब्रुवारी

काही नाही. टाइल्स.

३ मार्च

आबांचा फोन. गावात घरकुलाचं सर्वेक्षण आलंय! साहेब दारोदार येणार, घराचा फोटो मोबाइलमध्ये घेणार. ज्याचं कच्चं त्याचं नाव यादीत. मी सुट्टी मागितली. सुपरवायझर म्हणाला, जा, पण परत येऊ नको.

आबांना फोनवरच सगळं समजावलं. घरापुढं उभं राहायचं. कूड दिसला पाहिजे. प्लास्टिक दिसलं पाहिजे. काही लपवायचं नाही.

"तू माले शिकाडू नको," आबा म्हणाले.

८ मार्च

झालं! साहेब येऊन गेले. आबा खुशीत होते. कधी नाही इतकं बोलले. "फोटो काढा. नाव लिखं. साहेबले चहा पाजा, कपबशीमा."

आपल्याकडं बशी कुठून आली, विचारलं.

"तू काय बशीनं इचारस! काम व्हई गयं ना?"

झालं म्हणजे झालं.

१५ मार्च

कारखान्यामागं फुटक्या मालाचा ढीग आहे. वॉचमनला तंबाखू दिली की एखादी टाइल उचलू देतो. आज एक आणली, पांढरी, निळ्या पानांची, एकच कोपरा गेलेला. चुलीच्या मागं लावली तर कोपरा दिसणार नाही. चंदन म्हणाला, घर अजून कागदावरबी नाही आणि हा चूल सजवतो!

मुंद्र्याच्या बंदरावर काम आहे म्हणतात. इथल्यापेक्षा बरं. एरवी मी आतापर्यंत पिशवी भरली असती. बसलोय. तिकडं गेलो आणि आबांना माझा नंबर लागला नाही तर?

२७ मार्च

अंगणवाडीच्या रेवाबाईंना फोन केला, आपल्या गावातल्या. म्हटलं, विधवा बाईला सरकार देतं, मग बायको गेलेल्या माणसाला काही आहे का? त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, बापाला नाही रे, पण लेकराला आहे. आई नसलेल्या पोराला बालसंगोपन म्हणून महिन्याला मिळतं. कागद लागतात. स्वप्नालीचा मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, आणि पोर कोणाजवळ राहतं ते लिहून द्यायचं.

"काजल कोणाजोडे ऱ्हास?"

म्हटलं, सध्या आजीकडं.

"मंग सध्या तू कसाना बाप?" चेष्टेत बोलल्या. चेष्टाच होती. दिवसभर टाइल्स उचलताना कानात वाजत राहिलं.

११ एप्रिल

गावाच्या ग्रुपवर यादी आली. चंदनकडून वाचून घेतली, मग स्वतः वाचली, मग परत त्याच्याकडून.

बन्सीलाल, म्हणजे आबा. अपात्र. कारण — पक्के घर.

पक्कं! कुठलं पक्कं?

खाली फोटो होता. आबा प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेले, डोक्यावर टोपी. मागं हिरव्या ऑइलपेंटचा खांब, वर पंखा, खाली फरशी. तो खांब मी ओळखतो. लहानपणी त्याच्याभोवती फिरून फिरून चक्कर आणायचो. छगनकाकांचा ओटा! आपल्या शेजारचा!

लगेच फोन लावला. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. आबा ऐकत राहिले. शेवटी हळू म्हणाले, "त्या रोज इहीनबाई उनथ्यात. काजलले लई उनथ्यात, घरनं काय व्हयनं ते दखाले. इहीनले तुटेल खाटवर कसं बसाडू रे? छगन बोलना, मन्हा वटावर बसाडा. तितलामा साहेब तठेच उनात."

म्हणजे व्याहीणबाईंसमोर मान राहावा म्हणून शेजाऱ्याच्या ओट्यावर पाहुणचार. त्याच्याच खुर्च्या, त्याच्याच बश्या. साहेबांनी विचारलं, घर हेच का? आणि दगूबाईंच्या देखत आबांनी मान हलवली.

फोन ठेवून दिला.

१३ एप्रिल

आबांचा फोन आला. उचलला नाही.

१४ एप्रिल

पुन्हा नाही उचलला.

१७ एप्रिल

आज फोन आला नाही. हे जास्त लागलं.

२० एप्रिल

छगनकाकांचा फोन. आधी थट्टा. "नवल, मन्हा वटावर सरकारना शिक्का बसना! आते तुम्हीच ऱ्हा, मी कुडमा जास." मी हसलो नाही. मग नीट बोलले. मेच्या एक तारखेला ग्रामसभा आहे, हरकत तिथंच मांडायची, स्वतः उभं राहून. फोनवर चालत नाही. "तुन्हा बाप जेवत नही बराबर. सांगस तुले."

२८ एप्रिल

सुपरवायझरनं पाच तारखेपर्यंत सोडलं. सहा तारखेला मशीनवर दुसरा माणूस. चंदन स्टँडपर्यंत आला. टाइल टॉवेलात गुंडाळून दिली. म्हणाला, भाई, तू परत येत नाही. तुझं तोंडच सांगतं. म्हटलं, येतो रे.

त्यालाही तेच म्हणालो!

३० एप्रिल

आखाजी, अक्षय तृतीया. सकाळी घरी पोचलो. आबा अंगणात घागर भरत होते. स्वप्नालीच्या नावाची. वर खरबूज ठेवलं. माझ्याकडं पाहिलं नाही, नुसती पळी पुढं केली. मी पाणी सोडलं.

गल्लीत माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर. गाणी, हसणं. काजल तिकडं तळोद्याला कोणाच्या तरी झोक्यावर असेल. दुपारी आबांनी पुरणाची पोळी माझ्या ताटात वाढली. छगनकाकांच्या घरून आलेली. खाटेवर मीच बसलो, पायाकडं खड्डा, टेकायला जमत नाही. आठ वर्षांपासून तुटलीय. दोन हात दोरी लागते. मी कधी बांधली नाही.

१ मे

ग्रामसभा. शाळेच्या व्हरांड्यात. माझा नंबर येईपर्यंत ऊन डोक्यावर. उभा राहिलो. म्हटलं, फोटोतलं घर आमचं नाही. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "मंग तुन्हा बाप तठे काय करी ऱ्हायना?"

छगनकाका उठले. "वटा मन्हा शे! खुर्ची मन्ही शे! बन्सीभाऊ फक्त त्यान्हा शे!" पुन्हा हशा. पण ग्रामसेवकांनी लिहून घेतलं. हरकत नोंदवली, पुन्हा पाहणी होईल. कधी? सांगता येत नाही, मोठे साहेब येतील तेव्हा. तेव्हा घरचं माणूस हजर पाहिजे.

मग त्यांनी मोबाइल उघडून मला दाखवलं, काय भरलंय ते. घर — पक्के. राहणारी माणसं — एक.

एक!

आबा भिंतीला टेकून बसले होते. घरी येताना विचारलं, एक कसं? मी कोण?

ते चालता चालता थांबले. रागात नव्हते. थकलेले होते.

"तू ऱ्हास का आठे?"

४ मे

पिशवी भरून सारंगखेड्याच्या स्टँडवर बसलो. सुरतची गाडी आली. दार माझ्यासमोरच थांबलं. कंडक्टर म्हणाला, चल ना भाऊ.

गाडी गेली. मी एक कांडं दोरी घेतली आणि परत आलो.

५ मे

खाट बांधायला घेतली. आबा म्हणाले, राहू दे, साहेब येवा दे आधी, तुटेल दिसू दे! म्हटलं, खाटेवर घरकुल मिळत नाही आबा. हसले. किती दिवसांनी. पण बांधू दिली नाही. दोरी खुंटीला लटकवली.

११ मे

केळीच्या गाडीवर लागलो. नदीकाठच्या मळ्यातून घड खांद्यावर आणायचे, ट्रकमध्ये लावायचे. चिकानं शर्ट काळा पडला, धुऊन जात नाही. मोरबीत निदान सावली होती. चंदनचा मेसेज — माझ्या जागेवर बिहारचा पोरगा लागला.

१९ मे

साहेब आले नाहीत.

२३ मे

तालुक्याला गेलो. खिडकीवरचा म्हणाला, येतील. विचारलं, कधी? म्हणाला, येतील.

रेवाबाईंसोबत बालसंगोपनचे कागद भरले. दाखल्यावर स्वप्नालीचं नाव छापलेलं. एवढं नीट छापलेलं. "पोर कोणाजवळ राहते" तिथं रेवाबाईंनी पेन थांबवलं. म्हटलं, ते कोरं ठेवा.

२८ मे

आज सासूबाईंचा फोन. या महिन्यात पाचव्यांदा. घराचं विचारतील म्हणून उत्तर जुळवून ठेवतो. पण त्या एवढंच विचारतात, "जवाई, कथा शेत?" म्हणतो, घरी. "आबा कथा शेत?" म्हणतो, शेजारी, छगनकाकांकडं पत्ते खेळतायत. "बरं." फोन ठेवतात. एकदा सकाळी विचारतात, एकदा दुपारी. काय पाहतात कोण जाणे.

आखाजीला तळोद्याला गेलो असतो तर बरं. आता तर कसं तोंड दाखवू, हातात काही नाही.

३ जून

पाय शिवशिवतात. मुंद्र्याहून पुन्हा निरोप आला, बंदरावर जागा आहे, उद्या निघ. साहेब येत नाहीत, घर होत नाही, केळीचं काम पावसात बंद पडेल. शाळा सोळाला उघडते. काय बघत बसलोय मी इथं?

आबांना सांगितलं, जातो. ते म्हणाले, जा. टोपी घातली आणि बाहेर जाऊन बसले.

बंदरवाल्याला फोन केला, येत नाही म्हटलं. का, ते लिहिता येत नाही.

७ जून

ग्रामसेवकांचा निरोप. परवा नक्की. सासूबाईंनी दुपारी विचारलं तेव्हा सांगितलं, परवा साहेब येतायत. "बरं."

९ जून

साहेब आले. आबा छगनकाकांच्या खुर्च्या आणायला उठले, मी हात धरला. खाट बाहेर काढली, आहे तशी. कूड, पत्रे, प्लास्टिक, सगळ्याचे फोटो. मी आणि आबा पुढं उभे. यादी पुन्हा कधी लागेल ते साहेबांनाही माहीत नाही. शेवटी मोबाइलवर बोट ठेवून विचारलं, राहणारी माणसं किती?

म्हटलं, दोन.

"तीन लिखा, साहेब."

आवाज मागून आला. वळलो. दगूबाई तुटक्या खाटेवर बसल्या होत्या, खड्डा सोडून, काठावर. मांडीवर काजलचं दप्तर.