मुहोई हा शब्द

६ फेब्रुवारी १९२२

एका शब्दानं आज घात केला. आणि तो माझ्याच तोंडून गेला!

साहेबांनी किरुरी टेकडीवरच्या सगळ्यांना जुन्या उंबराखाली बोलावलं होतं. ते हुकूम वाचत गेले, मी आमच्या भाषेत सांगत गेलो. नैरोबीच्या मोठ्या कोर्टाचा निकाल आहे म्हणे – इथली जमीन इंग्रजांच्या राजाची. आम्ही तिच्यावर राहतो ते त्याची मर्जी आहे तोवर. अशा राहण्याला साहेबांच्या भाषेत एक नाव आहे. ते वाचून ते थांबले आणि माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, 'तुम्ही राजाचे मुहोई आहात.'

मागं कुणीतरी फस्सकन हसलं.  बाबा पुढं पंचांत बसले होते. उठले, आपलं बुटकं स्टूल काखेत मारलं आणि घरी निघून गेले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

७ फेब्रुवारी

मुहोई म्हणजे काय ते टेकडीवरच्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. ज्याला स्वतःचं रान नाही तो. तुंबाभर उसाची दारू घेऊन दुसऱ्याच्या अंगणात येतो, पेरायला तुकडा द्या म्हणतो. मालक प्याला म्हणजे दिला. पुढं दरवर्षी पहिल्या पिकाला एक तुंबा, बस. खंड नाही, वाटा नाही. पण रान त्याचं नाही ते नाहीच, नातवंडं झाली तरी.

आणि बाबा मुहोई! आजोबांनी ही टेकडी जंगलातल्या शिकारी लोकांकडून बकऱ्या देऊन घेतली. त्या बकऱ्यांचे रंग बाबा अजून एकेक करून सांगतात.

'राजाच्या मर्जीनं राहणारे लोक' असं लांबलचक म्हणता आलं असतं. सुचलं नाही. खरं लिहायचं तर सुचलं होतं. पण चटकन एका शब्दात सांगितलं की साहेब मान डोलावतात. ते मला आवडतं.

१२ फेब्रुवारी

बाबा बोलत नाहीत. म्हणजे माझ्याशी. मी अंगणात पाऊल टाकलं की काळ्या शेळीशी बोलतात. आज म्हणाले, 'अगं, तुझ्या त्या दुभाष्याला सांग, राजाच्या मुहोईच्या दारात उभं राहू नये. बूट मळतील.'

मला हसू आलं. आईला नाही आलं. 'तू माफी माग,' म्हणाली. मागितली. शेळी पाला खात राहिली.

३ मार्च

साखळी घेऊन मोजणीदार आले, आखणी झाली. हद्द रियारा नदीवरून जाते. नदीपलीकडची बाजू आमच्या लोकांसाठी राखीव. अलीकडची, म्हणजे आमची अख्खी किरुरी, हद्दीबाहेर. लढाईवरून परतलेल्या एका गोऱ्या शिपायाला मिळणार आहे. त्यानं टेकडी अजून पाहिलेलीही नाही.

हद्दीच्या आत आमचा एकच तुकडा येतो. नदीपलीकडचा. आणि तिथं बावीस वर्षं वाकाबाकाका आहेत – बाबांचे मुहोई!

१५ मार्च

बाबांच्या कंदाच्या वेलावर मोजणीदारांनी लाल फडकं बांधलंय. बाबांनी ते सोडलं नाही. खालचं तण तेवढं काढलं.

२० एप्रिल

नोटीस आली. मीच वाचून दाखवली, दुसरं कोण वाचणार? जुलैअखेर किरुरी रिकामी करायची. ज्यांचं हद्दीच्या आत रान आहे त्यांनी तिकडं जावं. ज्यांचं नाही त्यांनी अंगठा देऊन खोऱ्यातल्या गोऱ्यांच्या मळ्यांवर कामाला जावं, तिथं झोपडीपुरती जागा मिळेल. बाबांचं वय सत्तर तरी असेल. मळ्यावर या वयात काय करतील? शेण काढतील?

२१ एप्रिल

आज घरात भांडण. आई आंबील ढवळत होती, ढवळता ढवळता म्हणाली, 'वाकाबाला उठवा.'

'काय म्हणालीस?' बाबांनी विचारलं.

'उठवा म्हणाले. रान आपलं आहे. मुहोईला उठ म्हणायचा मालकाला हक्क असतो. का तेवढाही राजानं नेला?'

बाबा शेळीकडं वळले. 'ऐकलंस? इतोतियाची आई साहेबीण झाली. सांग तिला, वाकाबा आला, तुंबा घेऊन आला, आणि मी प्यालो. मी प्यालोय त्याच्या हातचं! साहेबाचं बरं आहे. तो कुणाचंच प्यालेला नाही. त्याला उठ म्हणता येतं.'

'मग आपण कुठं जायचं?'

बाबा उठले आणि शेळीला पाला टाकायला लागले.

संध्याकाळी वाकाबाकाका नदी ओलांडून आले. सोबत अळूचे कंद आणले होते. 'थोरले, ऐकतो ते खरं का?' बाबा म्हणाले, 'खरं आहे. तुझं त्यात काही नाही. शेंगा पेरल्यास का?' काका नाही म्हणाले. 'मग पेर. पाऊस काय हुकमासाठी थांबतोय?'

मला राग आला. रागच आला, का लपवू?

९ मे

एक गोष्ट केली. आईला सांगितली नाही, इथं लिहितो.

नदीपलीकडं गेलो होतो. वाकाबाकाका शेंगा निंदत होते. मला पाहून कंबर सरळ केली, मक्याचं भाजलेलं कणीस दिलं. मी लहान होतो तेव्हाही असंच द्यायचे, मला आवडायचं म्हणून जळकं माझ्यासाठी ठेवून. मी म्हणालो, 'काका, बाबा मळ्यावर जाणार आहेत. आम्हाला दुसरी जागा नाही.' एवढंच. उठा म्हणालो नाही. पण दुभाष्या आहे मी, न बोललेलं कसं पोचवायचं ते मला येतं.

त्यांनी विचारलं, 'थोरल्यांनी पाठवलं तुला?'

मी गप्प राहिलो. नाही म्हणायला हवं होतं.

८ जून

आज बाबा कचेरीत आले! खांद्यावर दारूचा तुंबा. आठवडाभर ऊस कांडत होते तो यासाठी होय! मला वाटलं कुणाचं लग्न ठरतंय.

चपराशी अडवत होता. साहेब म्हणाले, येऊ दे. बाबा टेबलासमोर खाली बसले, तुंबा पुढं ठेवला, प्यायचं शिंग भरलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. सत्तर वर्षांत या माणसानं कुणाच्या दारात असं शिंग धरलेलं नाही. 

बाबा साहेबांकडंच बघून बोलले, मी जणू भिंत. 'तुमच्या माणसानं सांगितलं मी राजाचा मुहोई आहे. बरं. मुहोईनं आधी दारू आणायची असते. माझ्याकडून उशीर झाला, कारण मला कुणी कळवलंच नाही. ही घ्या. आता राजानं प्यावं. प्याला की मला उठवता येणार नाही.'

मी शब्द न शब्द सांगितला. साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. म्हणाले, कचेरीत दारू चालत नाही, म्हाताऱ्याला घरी ने.

'तुम्ही पीत नाही?' बाबांनी विचारलं. शिंग अजून तसंच धरलेलं. 'मग मी राजाचा मुहोई नाही. न पिता मुहोई होत नसतो. मालक नाही, मुहोई नाही, मग मी कोण?'

साहेबांनी एक शब्द सांगितला. घुसखोर. आमच्या भाषेत त्याला सगळ्यांत जवळचा शब्द चोर आहे.

मी बोललो नाही. आजवर साहेबांचं वाक्य मी कधी गाळलं नव्हतं, आज गाळलं.  बाबांनी शिंगातली दारू परत तुंब्यात ओतली, एक थेंब सांडू दिला नाही. तुंबा खांद्यावर घेतला. मी हात पुढं केला तर बाजूला सरकले.

मी शिकलो त्या मिशनमध्ये दारू पाप; तिथं कळलं तर म्हणतील, इतोतियाच्या घरची दारू कचेरीपर्यंत आली, आणि त्यांच्या यादीतून माझं नाव कापतील. कापू देत.

९ जून

साहेब म्हणाले, 'काल तू शेवटचं वाक्य सांगितलं नाहीस.' मी म्हणालो, शब्द आठवला नाही.

२ जुलै

छपराचं गवत उतरवलं. आई चुलीचे तीन दगड गोणपाटात बांधतेय. मी म्हणालो, दगड कुठंही मिळतात. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच गाठ मारून दिली.

१९ जुलै

बाबा सोमवारी अंगठा द्यायला जाणार. ठरलं. आईनं शेवटचं एकदा वाकाबाकाकांचं नाव काढलं. बाबांनी या खेपेला शेळीलाही मध्ये घेतलं नाही. 'राजानं मला जे केलं ते मी वाकाबाला केलं,' म्हणाले, 'तर मग हुकूम बरोबरच होता म्हणायचं.'

मी नऊ मेची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. सांगितली नाही. किती भित्रा आहे मी.

२४ जुलै

सकाळी कुंपणाच्या दाराशी तुंबा. भरलेला. बुडाला कातड्याच्या वादीनं शिवलेली चीर, म्हणजे वाकाबाकाकांचाच, दरवर्षी पहिल्या पिकाला येतो तो. मुहोई रान सोडून जातो तेव्हाही एक तुंबा ठेवतो. मालक प्याला की दोघांमधलं नातं सुटलं, रान मोकळं.

मी नदीपलीकडं धावत गेलो. झोपडी झाडलेली. शेंगा काढून, वाळवून कणगीत भरलेल्या – आमच्यासाठी. शेजारीण म्हणाली, बायकोला घेऊन पहाटेच गेले, खोऱ्यातल्या मळ्यावर. अंगठा परवाच दिला. 'थोरल्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायला लागू नये, म्हणून त्यांनी पोराला पाठवलं होतं,' असं काका म्हणत होते म्हणे.

परत आलो आणि बाबांना सगळं सांगितलं. नऊ मेचंही. ते तुंब्यासमोर बसले होते. बूच तसंच होतं.  मग मान वर केली आणि शेळीकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

'इतोतिया,' म्हणाले, 'जा, त्याला शोध. सांग, मी प्यालेलो नाही.'