दोन राजीनामे

४ नोव्हेंबर
लेकीने राजीनामा लिहून मागितला. "तुमची भाषा छान आहे, बाबा." मुख्याध्यापिका व्हायच्या तोंडावर, सत्तेचाळिसाव्या वर्षी शाळा सोडते म्हणते. वर्गात कविता शिकवताना मधलीच ओळ आठवेना, पोरं हसली. शिवाय घामाच्या धारा, झोप नाही, शब्दाशब्दाला भांडण. मी म्हटलं, "झेपत नसेल तर सोड. आईवर गेलीस अगदी."
दोन पानं लिहिली. शेवटचं वाक्य तर कवितेसारखं उतरलं! तीनदा मोठ्याने वाचलं, मग तिच्या हातात दिलं.

६ नोव्हेंबर
लेकीबरोबर दवाखान्यात. आत यायला मी नको म्हणत होतो, तिनेच नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हे वेड नाही. पाळी जायच्या आधीची वर्षं अशीच असतात — कुणाला चार, कुणाला आठ. विसर पडतो, अंगातून वाफा येतात, उगाच रडू येतं. यावर उपाय आहेत. नोकरी कशाला सोडायची?"
मी भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत बसलो.
"हिच्या आईला असा त्रास झाला होता का?" बाईंनी विचारलं.
लेक माझ्याकडे बघत होती. म्हटलं, "आठवत नाही."

७ नोव्हेंबर
खोटं बोललो.

८ नोव्हेंबर
ही जाऊन नऊ वर्षं झाली. आमचे वर्ग शेजारीशेजारी. भिंतीपलीकडून तिची पोरं एका सुरात कविता म्हणू लागली की मी खडू खाली ठेवून ऐकायचो. काय दिवस होते ते.
अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती हजेरी घेताना नावं विसरू लागली. भर थंडीत खिडक्या उघडायची. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज — "बाईंचं काहीतरी बिनसलंय." मला लाज वाटली. तिची. तिला न विचारता राजीनामा लिहिला, पुढे ठेवला. ती म्हणाली, "मी एवढं वाईट शिकवते का हो?" मी पेनाचं टोपण काढून दिलं.
लोकांना सांगत राहिलो, तिला घरात रमायचंय.

९ नोव्हेंबर
लिहवत नाही.

१० नोव्हेंबर
सकाळी चहा घेताना लेकीला सगळं सांगितलं. माझी दोन पानं फाडायला परत मागितली.
ती म्हणाली, "आईने सांगितलं होतं मला. मी नोकरी सोडणार नव्हतेच, बाबा. या खेपेला तरी तुम्ही लिहायला नकार देता का, एवढंच बघायचं होतं."
पानं दिली नाहीत.