सूर्याला कापड पुरत नाही

४ मे

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. सिगारेट गेली असं मात्र त्यात कुठे लिहिलेलं नाही, हेही माझ्या लक्षात आलंय.

आता मुद्द्याचं. माझ्या शिवणाच्या दुकानाला लागून चष्म्याचं दुकान आहे, ते तू पाहिलंयस. त्या चष्मेवाल्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे. ठसका लागला असेल तर आधी पाणी पी. गृहस्थ विधुर आहेत, मुलगी आपल्या घरी सुखी आहे, दुपारचा चहा ते माझ्याकडे पितात आणि कप स्वतः विसळतात. मी हो म्हणायच्या बेतात होते. एवढ्यात सूर्य मध्ये आला.

झालं असं, की पेपरात कृष्णविवराचा फोटो आला होता. चष्मेवाले म्हणाले, आपला सूर्यही शेवटी असाच होणार. मी म्हटलं, शक्य नाही. तूच मागे सांगितलं होतंस, त्याला तारा भलताच मोठा लागतो. सूर्याकडे तेवढं कापडच नाही, तर कोट बेतणार कसा? आणि होत नाही तेच बरं, झाला असता तर त्याने त्याच क्षणी आपल्याला ओढून गिळलं असतं. यावर ते हसले. हसले, भाऊ! वर विचारतात, बाई, भिंगं मी विकतो की तुम्ही?

मग मीही सांगून टाकलं, की माझा भाऊ कॉलेजात हेच शिकवतो. त्याचं उत्तर आलं की लग्नाचं काय ते सांगेन. तेव्हा उलट टपाली कळव.

लोभ आहेच; उत्तर लवकर आलं तर टिकेलही.

तुझी ताई


१२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाणी प्यायलो. भावजी गेल्यापासून तुला त्या मशीनपुढे एकटी बसलेली पाहून माझा जीव तुटायचा. त्यामुळे ही बातमी वाचून मी इतका खूश झालो, की शेजारी विचारायला आले.

आता सूर्याकडे वळू. या विषयाला अनेक बाजू आहेत. सूर्य शेवटी आकसतो आणि निवतो, त्या अर्थी चष्मेवाले बरोबर. तसा फार आकसत नाही, त्या अर्थी तू बरोबर. विश्व मोठं आहे, त्यात दोघांचंही म्हणणं मावतं. शिवाय या सगळ्याला अजून सुमारे पाच अब्ज वर्षं आहेत. लग्नाला एवढा वेळ लावू नये, असं आपलं मला वाटतं.

लोभ वाढावा, शंका कमी व्हाव्यात.

तुझा भाऊ


२० मे

चि. भाऊस,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत.

एवढा शिकलास आणि अजून तळ्यात-मळ्यात खेळतोस? होतो की नाही, एवढंच विचारलं होतं. बहिणीचं लग्न मोडू नये म्हणून तू सूर्यालाही गुळमुळीत करून टाकलंस.

तुला वाटतंय, मला हुशार नवरा हवाय. नाही रे. मला चुकल्यावर चुकलं म्हणणारा हवाय. तुझे भावजी मनाने भले होते, पण उभ्या संसारात 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. एकदा मला चुकीच्या गाडीत बसवून भलत्याच गावी उतरवलं, तेव्हाही म्हणाले, स्टेशनची पाटी चुकली असेल. आज हसू येतं. त्या दिवशी बाकावर बसून रडले होते. पुन्हा तसा संसार करायचं बळ माझ्यात नाही. म्हणून ही परीक्षा. ते चुकले असतील तर काय करतात ते मला बघायचंय. त्यांना यातलं काही कळवू नकोस. खरं लिही.

लोभाचं तुझ्या उत्तरानंतर बघू.

तुझी ताई


२७ मे

प्राध्यापकसाहेबांस,
स. न. वि. वि.

ओळख नसताना लिहितोय, राग नसावा. मी आपल्या ताईंच्या शेजारचा चष्मेवाला. लोकांना स्पष्ट दिसावं हा माझा धंदा, आणि सूर्याच्या बाबतीत मीच आंधळा निघालो. वाचनालयात बसून वाचून काढलं. कृष्णविवर व्हायला सूर्याच्या वीसेक पट जड तारा लागतो. आपला सूर्य फुगेल, लाल होईल, वरचे थर झाडून टाकेल आणि उरेल तो पृथ्वीएवढा पांढरा गोळा, तोही सावकाश निवत जाईल. ताईंचं बरोबर. वर मी हसलो, ते तर फारच चुकलं. तसं त्यांना सांगणारच आहे. फक्त दुकानात गर्दी असताना की नसताना, तेवढं ठरत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्यापाशीच ठेवावी. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर आणून ठेवलं, तरी ते पृथ्वीला गिळणार नाही. ओढ तेवढीच राहते, म्हणून पृथ्वी आहे त्याच वाटेने फिरत राहील. अंधार आणि गारठा तेवढा होईल. म्हणजे ताईंचंही थोडं चुकलंय. पण ते मी बोलणार नाही. मला लग्न करायचं आहे.

आपला लोभ अजून कमावलेला नाही, कमावेन म्हणतो.

आपला,
चष्मेवाला


२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान लाल झाले. खरं लिहितो: सूर्य कृष्णविवर कधीच होणार नाही. बाकी सगळं सोबतच्या पत्रात तुझ्या चष्मेवाल्यांनी माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा नीट लिहिलं आहे. त्यातली एक गोष्ट माझ्यापाशीच ठेवावी असं त्यांनी बजावलंय, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

शेवटचा भाग सावकाश वाच. परीक्षेचे नियम दोघांना सारखे असावेत, असं एका मास्तराला वाटतं.

लोभ असू दे, निदान पुढच्या टपालापर्यंत.

तुझा भाऊ


१२ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ. राखून ठेवलेलेही यातच धर.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी चष्मेवाले येऊन गेले. गर्दी असतानाच आले. दोन बायका कापड पसरून माझ्याशी घासाघीस करत होत्या, त्यांच्यासमोर म्हणाले, सूर्याचं माझं चुकलं आणि हसलो तेही चुकलं. माझ्या बोटात टाचणी गेली. तेव्हाच हो म्हणायला हवं होतं, पण म्हटलं, तुझं पत्र येऊ दे, थोडा रुबाब नको का? पत्र आलं आणि रुबाब उतरला.

दोनच शब्द, पण माझ्या तोंडून निघेनात. ते चहाला यायचे, मी हवापाण्याचं बोलायचे. मनात म्हणायचे, गारठून मरणारच ना, मग गिळलं काय न् न गिळलं काय. पुस्तकच चुकलं असेल, असंही वाटून गेलं. तेव्हा एकदम तुझे भावजी डोळ्यांपुढे आले आणि मला माझीच लाज वाटली.

काल उठून त्यांच्या दुकानात गेले. ते एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते. मी दारातूनच म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलंच नाही. फ्रेम काढून ठेवली, स्टुलावर बसले आणि म्हणाले, हरकत नाही, या वयात मीच तुम्हाला विचारायला नको होतं. चहाला मात्र येऊ द्या. चेहरा पांढराफटक. भाऊ, जे शब्द ऐकायला मी जन्मभर आसुसले, ते माझ्या तोंडून ऐकून एक भला माणूस खचून बसला होता.

मी घाईघाईने सांगितलं, सूर्याबद्दल चुकलं, तुमच्याबद्दल नाही. आणि त्यांनी पुन्हा विचारायची वाट न बघता हो म्हणून टाकलं. त्यांनी काढून ठेवलेली फ्रेम उचलली आणि पुसत बसले. आजोबांना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण तेच म्हणाले, बाई, जरा मोठ्याने सांगा, यांना ऐकू गेलेलं नाही.

म्हणून पुन्हा सांगितलं.

लोभ आता दोघांना वाटून दे.

तुझी ताई