आवाजाची सवय

४ जानेवारी

नव्या घरातला पहिलाच दिवस, आणि पोट दुखेपर्यंत हसले. सासरे, म्हणजे बाबा, पोलिसांच्या घोड्यांना आवाजाची सवय लावायचे. निवृत्त झाले तरी हाताची खाज गेलेली नाही. जिन्याखालच्या खोलीत पत्रे, भोंगे, झांजा ओळीनं टांगल्या आहेत. मला एकेकाची ओळख करून दिली, जणू तेही नातेवाईकच. आधी चमच्यानं पत्रा वाजवायचा, मग काठीनं, मग हातोड्यानं. घोडा बिचकला नाही की त्याला साखरेचा खडा.

या घराचा खेळही तोच, एकमेकांना दचकवायचं. सासूबाईंनी फ्रिजमागून भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, असं दचकवलं की कपबशी हातातून उडाली. वर म्हणाल्या, एवढा घोडा झालास तरी बिचकतोस? माझ्या माहेरी दादा आणि मी दोघंच, भिंतीवर पाल चुकचुकली तरी ऐकू यायची. मला हे गडबडीचं घर आवडलं.

९ जानेवारी

आज माझा नंबर लागला. न्हाणीघरातून आले तर भाऊजी कपाटातून भोंगा वाजवत बाहेर. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होते आणि सगळे हसत होते. भाऊजींनी विचारलं, वहिनी, आधी नाटक कंपनीत होतात का? सासूबाईंनी पाणी पाजलं, म्हणाल्या, पोरगी नीट जेवत नाही. मीही हसले. शाळेतही घंटा झाल्यावर अशी पडले होते, तेव्हा अशक्तपणा म्हणून टॉनिक मिळालं होतं.

१७ जानेवारी

पुन्हा पडले. या वेळी कोणीतरी कानाशी फोन वाजवला. ओठ निळे पडले तेव्हा नवरा घाबरला आणि दवाखान्यात घेऊन गेला.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजीच्या कागदी पट्टीवर बोट ठेवून समजावलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्यासाठी तयार व्हायला थोडा अवधी लागतो. त्याला क्यू-टी म्हणतात. माझा अवधी नको इतका लांब आहे, जन्मापासून. त्यातच अचानक मोठा आवाज झाला तर ठोक्यांची लय बिघडते, हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही. आजवर दर वेळी ते आपोआप ताळ्यावर आलं. पुढच्या वेळी येईलच असं नाही. गोळ्या दिल्या. त्यांना विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध नको, एकटीनं प्रवास नको, आणि घरात कोणी दचकवायचं नाही, हे त्यांनी नवऱ्याला दोनदा बजावलं.

१८ जानेवारी

जेवताना सगळं सांगितलं. भाऊजी म्हणाले, आता वहिनींसमोर शिंकायचं तरी का? बाबा तेवढे लक्ष देऊन ऐकत होते. मला बरं वाटलं. मग हात धुताना म्हणाले, डॉक्टरीण खोटं सांगत नाही, पण तिनं घोडी पाहिलेली नाहीत. बुजरं जनावर जपलं की जास्त बुजतं.

२२ जानेवारी

मी भाजी निवडत होते. माझ्यामागे चमचा, पत्र्यावर. हळूच. मी पडले नाही. बाबांनी माझ्या तळहातावर साखरेचा खडा ठेवला!

मी तो भिरकावला. मी जनावर नाही, आणि ही भीतीही नाही, हा हृदयाचा दोष आहे, असं तोंडावर सांगितलं. सासूबाई दुखावल्या. इतक्या मायेनं शिकवतात आणि ही बघा, म्हणाल्या. रात्री नवरा म्हणाला, अगं, प्रेमापोटीच करतात. माझं मढं उचलाल तेव्हाही प्रेमापोटीच उचलाल, असं म्हटलं तर तोंड फिरवून झोपला.

२६ जानेवारी

आज काठी.

डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत पाखरू अडकल्यासारखी फडफड. भिंतीला धरून उभी राहिले. आणि घरच्यांनी टाळ्या वाजवल्या! बघ, उभी राहिली, असं बाबा आनंदानं सांगत सुटले. डॉक्टरीणबाईंना फोन लावून बाबांच्या हातात दिला तर हो हो करत ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. म्हणे, डॉक्टरीण हुशार आहे, पण पुस्तकी.

वाईट माणसांशी भांडता येतं. ह्या हसऱ्या, गोड, अडाणी माणसांचं काय करू?

२७ जानेवारी

दादाला फोन केला. उद्या दुपारी गाडी घेऊन येतो म्हणाला. घरात सांगून टाकलं. मला वाटलं चिडतील. कोणी चिडलं नाही. नवऱ्यानं सगळ्यांकडून शपथ घेतली, आता आवाज नाही.

आणि खरंच नाही. भांडीसुद्धा हळू ठेवतात.

२८ जानेवारी, सकाळ

भाऊजींच्या पोटात काही राहत नाही. हसत हसत बोलून गेले — शेवटची परीक्षा अशीच असते, आधी सगळं शांत ठेवायचं. बाबा पुढून गोंजारतात, बोलत राहतात, घोड्याचं लक्ष त्यांच्याकडे. आणि मागून दुसरा कोणीतरी —

मी विचारलं, हातोडा? ते म्हणाले, अहो वहिनी, गंमत केली.

जिन्याखालच्या खोलीत जाऊन पाहिलं. सगळ्यात मोठा पत्रा खिळ्यावर नाही.

दुपार

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, जाण्याआधी एकदा बाबांचं समाधान होऊ दे, मग कायमचं बंद. त्याला माहीत होतं. तोही —

वर, गच्चीला लागून असलेल्या आमच्या खोलीत येऊन दाराला आतून कडी घातली. बॅग भरलेली आहे. दादा निघालाय, वाटेत आहे. ओरडून सांगितलं, मी मरेन, ऐकताय का, मरेन मी! खाली कोणी हसलं नाही. या घरात कोणी हसत नसलं म्हणजे कोणीतरी लपलेलं असतं.

राग येऊ द्यायचा नाही. ठोके वाढतात. गोळी घेतली. लिहीत राहायचं.

जिन्यावर पावलं. दाराशी थांबली.

बाबा आहेत. काही मागत नाहीत, दार उघड म्हणत नाहीत. नुसतं हळू, गोड आवाजात बोलताहेत. शांत, बाळा. शांत हं. आपली गुणी पोर ती. इकडे बघ, इकडे —

पुढून बोलताहेत. म्हणजे आवाज दाराकडून येणार नाही. माझ्या मागे खिड